पाच मिनिटं गप्प, एक पान मनातलं

लेख वाचायला घेतलात ना? मग आधी एक गंमत करू या. एवढा परिच्छेद वाचून झाला, की अंक मांडीवर ठेवा, डोळे मिटा आणि मनातल्या मनात साठपर्यंत आकडे मोजा. फक्त एक मिनिट! काही करायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, हसायचं नाही. चला, सुरू!

झालं? काय काय ऐकू आलं?

मी विलेपार्ल्यात चौथीच्या मुलांना शिकवते. हाच खेळ मी वर्गात घेतला, तेव्हा फळा भरून गेला. विमानाची घरघर (विमानतळ आमच्या अगदी कुशीत, त्यामुळे ती आधी!), लोकलचा भोंगा, हायवेवरचे हॉर्न, समोरच्या इमारतीतला कुकर, भंगारवाल्याची आरोळी, पंख्याची कुरकुर. सगळे आवाज लिहून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आणि माझ्या डोक्यात कुणीतरी सारखं बोलत होतं."

वर्ग खो खो हसला. पण मग एकेक हात वर यायला लागला. "बाई, माझ्यापण!" "माझ्यापण!"

हे बोलणारं कोण? अहो, आपलं मनच ते! दिवसभर ते बोलतच असतं. पण शाळा, क्लास, खेळ, टीव्ही, मोबाइल या गडबडीत आपल्याला त्याचा आवाज ऐकूच येत नाही. आज आपण त्या आवाजाबद्दल बोलणार आहोत. तो ऐकायचा कसा, कागदावर उतरवायचा कसा आणि मुख्य म्हणजे हा उद्योग करायचा कशासाठी?

गप्प बसणं सोपं असतं?

"गप्प बस!" हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकतो, की गप्प बसणं म्हणजे शिक्षाच वाटायला लागते. आणि खरं सांगू? ते मोठ्या माणसांनाही जमत नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक मजेदार प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. माणसांना एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवायचं. पुस्तक नाही, फोन नाही, फक्त स्वतःचे विचार. खोलीत एक बटण ठेवलेलं होतं. ते दाबलं की विजेचा हलकासा झटका बसे. हा झटका या माणसांनी आधी चाखून पाहिला होता आणि "तो टाळायला आम्ही पैसेसुद्धा देऊ" असं सांगितलं होतं. तरी काय झालं असेल? १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलंच! नुसतं विचार करत बसण्यापेक्षा त्यांना झटका बरा वाटला. (घरी असला काही प्रयोग करायचा नाही हं, आधीच सांगून ठेवते!)

तेव्हा एका मिनिटात तुमची चुळबुळ झाली असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. गप्प बसणं ही सायकल चालवण्यासारखी सरावाची गोष्ट आहे.

जुहूच्या किनाऱ्यावरचं मौन

हा सराव आयुष्यभर केलेला एक माणूस आमच्या पार्ल्याच्या शेजारी राहून गेला आहे. पार्ले स्टेशनावरून पश्चिमेला निघालं, की थोड्याच वेळात जुहूचा समुद्र लागतो. तिथलीच ही गोष्ट.

साल १९४४. महिना मे. ६ मे रोजी महात्मा गांधींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटका झाली. इंग्रज सरकारने त्यांना ऑगस्ट १९४२ पासून तिथे कैदेत ठेवलं होतं. या काळात त्यांची दोन सर्वांत जवळची माणसं तिथेच गेली. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला आणि पत्नी कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. गांधीजी स्वतः मलेरियाने थकून गेले होते. विश्रांतीसाठी ते जुहूला, समुद्रकाठच्या एका घरी येऊन राहिले.

आता विचार करा, देशभरातल्या लोकांना त्यांना भेटायचं होतं. पत्रकारांना प्रश्न विचारायचे होते. पुढे काय करायचं, हे कार्यकर्त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि गांधीजींनी काय केलं? त्यांनी जवळजवळ पंधरा दिवसांचं मौन धरलं! शरीराला विश्रांती हवी होती आणि मनालाही.

मौन त्यांना नवीन नव्हतं. कित्येक वर्षं सोमवार हा त्यांचा मौनाचा दिवस होता. कुणाला काही सांगायचंच असेल, तर ते चिठ्ठीवर लिहून देत. २ जून १९४७ हा सोमवारच होता. त्या दिवशी दिल्लीत व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्याशी त्यांची भेट ठरली होती. विषय होता देशाच्या फाळणीचा. एवढा मोठा प्रश्न, एवढा मोठा माणूस समोर, पण गांधीजींनी मौन सोडलं नाही. वापरलेल्या जुन्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीने लिहून त्यांनी उत्तरं दिली!

हेच गांधीजी लहानपणी इतके लाजरे होते, की शाळा सुटली रे सुटली की घराकडे धूम ठोकत. कुणी आपल्याशी बोलेल, आपली थट्टा करेल, याची त्यांना धास्ती वाटे. हे त्यांनीच आपल्या आत्मकथेत सांगितलं आहे. मोठेपणी त्यांना या लाजरेपणाचा फायदाच झाला. तोलून-मापून बोलायची सवय लागली. तुमच्यापैकी जे कुणी वर्गात फारसे बोलत नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवा बरं का!

मनूची वही

आगाखान पॅलेसच्या त्या कैदेत शेवटच्या वर्षी एक तुमच्याएवढी, म्हणजे तुमच्या ताईएवढी मुलगीही होती. तिचं नाव मनू गांधी. नात्याने ती गांधीजींची नात लागायची. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. मार्च १९४३ मध्ये आजारी कस्तुरबांची सेवा करायला तिला नागपूरच्या तुरुंगातून पुण्याला आणलं, तेव्हा तिला सोळावं वर्ष चालू होतं.

तिथे तिने गुजरातीत रोजनिशी लिहायला सुरुवात केली. आज काय शिकले, किती सूत कातलं, बांची तब्येत कशी होती, कुणी कौतुक केलं, कुणी रागावलं, सगळं ती लिहून ठेवी. गांधीजी तिची वही तपासत आणि खाली 'बापू' अशी सही करत. आपल्या वहीवर बाई सही करतात ना, तस्संच!

सुरुवातीला तिची टिपणं अगदी छोटी असत. पण रोज लिहिता लिहिता तिला लिहिण्याची गोडी लागली. या वह्यांमधल्या १९४३-४४ च्या नोंदी २०१९ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. एका कैदखान्यातलं घर आतून कसं होतं, हे आज आपल्याला कळतं, ते एका शाळकरी वयाच्या मुलीने रोज चार ओळी लिहिल्या म्हणून!

तोच मे महिना, दुसरी मुलगी

आता जुहूच्या समुद्रावरून थोडं लांब, युरोपात जाऊ. १९४४ च्या त्याच मे महिन्यात नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम शहरात एक मुलगीही मनातलं लिहीत बसली होती. ॲन फ्रँक तिचं नाव. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि हिटलरचे नाझी सैनिक ज्यू लोकांना पकडून छळछावण्यांत पाठवत होते. ॲनचं कुटुंब ज्यू होतं. म्हणून जुलै १९४२ पासून ते एका कचेरीच्या मागच्या, वरच्या खोल्यांमध्ये लपून राहिलं. एकूण आठ माणसं. खाली कामगार असत. त्यामुळे दिवसा जोरात बोलायचं नाही, पाय वाजवायचे नाहीत, नळ सोडायचा नाही.

ॲनला तेराव्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ रोजी, एक चौकड्यांच्या कापडी बांधणीची वही मिळाली होती. त्या वहीत तिने 'किटी' नावाची एक मैत्रीण कल्पनेतच तयार केली आणि तिला पत्रं लिहायला सुरुवात केली. आईशी उडालेले खटके, बाबांबद्दलचं प्रेम, भीती, कंटाळा, स्वप्नं, सगळं किटीला सांगायचं. आणि तुम्हाला काय वाटतं, तिला लिहायला स्वतंत्र खोली होती? छे! खोली एका मोठ्या माणसाबरोबर, एका दंतवैद्याबरोबर वाटून घ्यावी लागे. लिहायच्या टेबलावरून दोघांची भांडणं होत. शेवटी तिच्या बाबांनी मध्यस्थी केली. तेव्हा "आमच्याकडे जागाच नाही" ही सबब आता चालायची नाही!

ऑगस्ट १९४४ मध्ये ते सगळे पकडले गेले. १९४५ च्या सुरुवातीला छळछावणीत ॲन गेली. पंधरा वर्षांची होती ती. आठ जणांपैकी एकटे तिचे वडील परत आले. त्यांना तिची वही मिळाली. ती वाचल्यावर त्यांना कळलं, की आपण या मुलीला खरं म्हणजे आतून ओळखतच नव्हतो. रोज जिच्याशी बोलत होतो, तिच्या मनात एवढं काही चाललं आहे, याचा त्यांना पत्ताच नव्हता. १९४७ साली त्यांनी ती वही छापली आणि आज ती जगभर वाचली जाते.

एक मनू, एक ॲन. एकीची वही तपासली जात होती, दुसरीची कुणी उघडत नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा. आपण पुन्हा त्याकडे येणार आहोत.

लिहिल्याने होतं तरी काय?

"बाई, पण मनातलं मनात ठेवलं तर काय बिघडलं?" असं मला एका मुलाने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर आहे.

मनाची एक छोटी पाटी आहे असं समजा. तिच्यावर एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात. "आज गणिताचा पेपर आहे, नापास झाले तर? बाबा रागावले तर?" असलं काहीतरी तिच्यावर आधीच लिहिलेलं असेल, तर गणित सोडवायला जागा कुठे उरणार? कागदावर लिहिलं की पाटी थोडी पुसली जाते.

ही नुसती माझी कल्पना नाही. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थ्यांना दहा मिनिटं आपली भीती मोकळेपणाने लिहायला सांगितली. ज्यांना परीक्षेची जास्त धास्ती वाटत होती, त्यांना याचा चांगला उपयोग झाला. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी, १९८६ साली, जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. कॉलेजातल्या काही मुलांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहिलं. काहींनी साध्याच विषयांवर लिहिलं. मनातलं लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना लिहून झाल्या झाल्या थोडं वाईटच वाटलं. पण त्यांच्यात ज्यांनी काय झालं आणि मनाला काय वाटलं, हे दोन्ही लिहिलं होतं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली.

हा काही जादूचा मंत्र नाही. लिहिलं म्हणून अभ्यास न करता पास होता येत नाही! पण गुंता सुटायला मदत होते, हे नक्की.

आमच्या वर्गातली एक गोष्ट सांगते. त्या मुलाला विचारूनच सांगते आहे. दर गुरुवारी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. घरच्यांनी ओवा दिला, डॉक्टरांना दाखवलं. काही सापडेना. वर्गात आम्ही गप्प बसून लिहायला लागलो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मला कळलं पोटात का दुखतं ते." गुरुवारी खेळाचा तास असायचा. दोन कप्तान एकेक गडी निवडायचे आणि हा नेहमी शेवटी उरायचा. "माझं नाव कुणीच घेत नाही," एवढंच त्याने वहीत लिहिलं होतं. लिहून होईपर्यंत त्याचं त्यालाही ते ठाऊक नव्हतं!

मग आम्ही काय केलं? त्या आठवड्यापासून चिठ्ठ्या टाकून संघ पाडायला लागलो. पोटदुखी गेली. पण चिठ्ठ्यांपेक्षा मोठं काम त्या एका ओळीने केलं होतं. कारण नेमकं काय दुखतंय, ते कळल्याशिवाय औषध कशावर देणार?

शब्दांचा डबा उघडा

मनातलं लिहायचं म्हटलं, की मुलं दोनच शब्द लिहितात, 'मजा आली' आणि 'बोअर झालं'. अहो, आपली मराठी एवढी श्रीमंत असताना ही गरिबी कशाला?

आईने तुमच्याऐवजी धाकट्याला आधी जेवायला वाढलं. काय वाटलं? राग? नाही, तो 'रुसवा'. रुसव्यात कुणीतरी आपली समजूत काढावी, अशी आतून इच्छा असते. रागात ती नसते.

सहल ठरली आणि पावसाने रद्द झाली. तो 'हिरमोड'. स्वागताला धावत गेलो आणि पाहुण्यांनी लक्षच दिलं नाही, तेव्हा आपण होतो 'खट्टू'. सगळ्यांसमोर आपली चूक उघडी पडली की आपण 'ओशाळतो'. दोघांच्या भांडणात मधे सापडून कुठे बघावं कळत नाही, तेव्हा होतं 'कानकोंडं'.

पेपरात येत असलेलं एक गणित राहून गेलं, तर लागते 'चुटपुट'. आजोबा गावी गेले आणि जाताना आपण त्यांना नीट नमस्कारही केला नाही, ही लागते 'रुखरुख'. शाळेचा पहिला दिवस उद्यावर आला की वाटते 'हुरहूर'. तिच्यात थोडी भीती असते आणि थोडी गोडीही.

मैत्रिणीची नवी सायकल पाहून "मलाही हवी" वाटलं, तो 'हेवा'. "तिचीही मोडावी" वाटलं, तर तो 'मत्सर'. फरक कळला? आणि मत्सर वाटला म्हणून तुम्ही वाईट होत नाही बरं का. तो सगळ्यांना कधी ना कधी वाटतो. वहीत त्याचं नाव लिहिता आलं, की तो आपल्याला हाताळता येतो. नाव नसलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते. अंधारात खुंटीवर टांगलेला सदरा भूत वाटतो ना? दिवा लावला की कळतं, हा तर आपलाच सदरा!

आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द जमवा. आजीला विचारा, तिच्याकडे भरपूर सापडतील.

कसं करायचं?

१. वही. नवी महागडी डायरी मुळीच नको. मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं काढा आणि दाभणाने शिवा. झाली वही!

२. जागा. गॅलरीचा कोपरा, खिडकी, जिन्याची पायरी, वाचनालयातलं टेबल. काहीच नसेल, तर भिंतीकडे तोंड करून बसा. विमानं जाऊ देत, कुकर वाजू दे. बाहेर पूर्ण शांतता असायलाच हवी असं नाही. ती मिळेपर्यंत थांबलात, तर मुंबईत कधीच सुरुवात व्हायची नाही.

३. गप्प बसा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं, मग हळूहळू पाच. मोबाइल दुसऱ्या खोलीत. श्वास आत गेला, बाहेर आला, एवढं बघा. विचार येतीलच. त्यांना हाकलू नका आणि त्यांच्यामागे धावूही नका. पार्ल्याच्या फलाटावर उभं असताना न थांबणारी फास्ट लोकल धडधडत जाते, तेव्हा आपण काय करतो? बाजूला उभं राहून ती जाताना बघतो. अगदी तसंच.

४. लिहा. सात-आठ ओळी पुरेत. "सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो" हे नको. ते तर घड्याळालाही माहीत असतं! काय झालं ते एका ओळीत आणि त्याचं मनाला काय वाटलं ते बाकीच्या ओळींत. सुरुवात सुचत नसेल, तर अशी करून पाहा: "आज मला सांगायचं होतं, पण सांगितलं नाही, ते असं..." किंवा "आज मी हसले, पण आतून मात्र..." किंवा "मला कळत नाही, की..."

५. खाडाखोड चालेल. इथे शुद्धलेखनाचे गुण नाहीत. वेलांटी चुकली तर चुकली. (हे मी, तुमची बाई, सांगते आहे!)

६. तारीख घाला. महिन्याभराने मागची पानं वाचा. ज्या गोष्टीसाठी तेव्हा रडलात, तिचं आता हसू येईल. आणि एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसली, तर ती लक्ष मागते आहे असं समजा.

घटना मोठी असायलाच हवी असं नाही. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिलं. त्यात लढाया आहेत का? एक मुलगा आंघोळ झाल्यावर पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करतो, आई पदर पसरते आणि मनही असंच स्वच्छ ठेवायला सांगते. एवढीशी गोष्ट! पण ती वर्षानुवर्षं मनात राहिली आणि कागदावर उतरली.

धाकट्या भावंडांना लिहिता येत नसेल, तर त्यांनी चित्र काढावं किंवा सांगावं आणि तुम्ही लिहून घ्यावं. बहिणाबाई चौधरींना तरी कुठे लिहिता येत होतं? घरात, शेतात काम करता करता सुचलेलं त्या बोलायच्या. ते लिहून ठेवलं गेलं, म्हणून १९५२ साली त्याचं पुस्तक झालं आणि आपल्यापर्यंत पोहोचलं.

आणि एक महत्त्वाचं. रोज लिहून उलट जास्तच उदास वाटायला लागलं, तर वही मिटा, खेळायला जा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोला. कुणी तुम्हाला मारत असेल, धमकावत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर ती गोष्ट वहीत लपवून ठेवायची नसते. ती आईला, बाबांना, आजीला, बाईंना सांगायचीच. कुणालाच सांगता येत नसेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

वही कुणाची?

आता आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. (मुलांनो, तुम्हीही वाचलात तरी चालेल!)

आमच्या वर्गात शनिवारी लिहून झालं की मुलं पान दुमडतात आणि स्टेपल करतात. मी ते उघडत नाही. पहिल्या शनिवारी कुणाचा विश्वास बसेना. काहींनी मुद्दाम पानाच्या कडेला केस अडकवून ठेवला होता, बाई उघडतात का बघायला! तो केस जागेवरच आहे हे पाहिल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांच्या ओळी वाढल्या. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. ओळी वाढल्या, एवढं मात्र बाहेरूनही दिसतं.

मनूची वही बापू वाचत. पण ती वाचली जाणार, हे मनूला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लपून कुणी काही वाचलं नाही. ॲनची वही कुणी वाचली नाही, म्हणून तिला आईवरचा रागही लिहिता आला. वाचून घेण्यासाठी लिहिलेली वही आणि स्वतःसाठी लिहिलेली वही, या दोन वेगळ्या वह्या आहेत. दोन्ही चांगल्या. पण स्वतःची म्हणून दिलेली वही मुलाच्या पाठीमागे उघडली, तर त्या दिवसापासून तो तुमच्यासाठी लिहायला लागेल. छान छान, गोड गोड. आणि खरं पुन्हा आत जाऊन बसेल.

"पण आम्हाला काळजी वाटते हो!" मान्य. ती वाटायलाच हवी. मूल जेवत नाही, झोपत नाही, एकदम गप्प झालं आहे, असं दिसलं तर त्याला थेट विचारा. "तुझी वही मी उघडलेली नाही, पण तू मला सांगितलंस तर मी ऐकेन आणि रागावणार नाही," असं म्हणून पाहा. आणि मग खरोखर रागावू नका! मुलाच्या जिवाला धोका आहे असं वाटण्याइतकं काही दिसलं, तर गोष्ट वेगळी. तिथे थांबायचं नाही. शाळेची, डॉक्टरांची मदत घ्यायची. पण नुसत्या कुतूहलासाठी कुलूप उघडू नये.

आणखी एक सुचवू? रात्री जेवणं झाल्यावर पाच मिनिटं टीव्ही बंद करून सगळ्या घरानेच गप्प बसा आणि आपापल्या वहीत लिहा. तुम्हीसुद्धा! आई-बाबांच्याही पाटीवर बरंच काही साठलेलं असतं. आपल्यासारखंच त्यांच्याही मनात काही चालतं, हे मुलांना कळलं, तर घरातली निम्मी धुसफूस आपोआप कमी होईल.

तर मित्रमैत्रिणींनो, कोरी पानं शोधायला कधी लागताय? वहीला नाव द्यायचं का, ॲनने 'किटी' दिलं तसं? माझ्या वर्गात एकाने आपल्या वहीचं नाव 'गुपचूप' ठेवलं आहे, तर एकीने 'ढब्बी'. तुमचं नाव तुम्ही ठरवा. आणि आत काय लिहिलंत, ते मला अजिबात कळवू नका!